जाई, जुई आणि जास्मिन

महिन्यातून दोन रविवार मी गाणे शिकविण्यासाठी उधन्याला जातो. आपल्या बडोद्यातील जुन्या घरांत उधना म्हटले म्हणजे सुरत सोडल्यावर लागणारे स्टेशन, एवढीच ओळख असते. वास्तविक तापी खोऱ्यातील रेल्वेचा फाटा येथूनच फुटतो आणि बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, अमळनेर करीत जळगावला पोचतो. याच रुळांवरून खानदेशातील हजारो कुटुंबे पोटासाठी सुरतेस आली, लूमवर आणि कापडाच्या कारखान्यांत लागली, आणि उधना-लिंबायतच्या बाजूस वसली. त्यांतल्याच काही पालकांनी मला बोलावून घेतले. एका दुकानावरची माडी, एक पेटी, एक तबल्याची जोडी आणि पंधरा-वीस मुले, असा आमचा वर्ग आहे.

यंदाच्या श्रावणातील गोष्ट. कानबाईचा सण नुकताच होऊन गेला होता. मुलांना मी एक जुने बायकी गाणे बसवून देत होतो. त्यात शेवंती, जाई, जुई, बकुळ, केवडा अशी फुले एकामागून एक येतात. सूर बरे लागत होते, लय तर लूमच्या खडखडाटात वाढलेल्या त्या पोरांची उपजतच पक्की आहे. परंतु नावे ती अशी उच्चारीत होती, की जणू तराण्याचे बोल. ज्यास अर्थ नाही, केवळ नाद आहे, असे काहीतरी. मी पेटी थांबविली आणि विचारले, "बकुळ कोणी पाहिली आहे?" कोणीच नाही. "केवडा?" एका मुलाने सांगितले, सरबतात घालतात तो. "बरे, मग फुले तरी कोणकोणती ठाऊक आहेत?" त्याबरोबर एक आठ-नऊ वर्षांची मुलगी उठली, हात मागे बांधले आणि एका दमात म्हणाली, "रोझ, लोटस, लिली, सनफ्लावर, ट्यूलिप, डॅफोडिल." भिंतीवर रंगीत तक्ता लावलेला होता, त्याच क्रमाने.

वर्ग सुटल्यावर जिना उतरलो तर खालच्या पायरीवर त्याच मुलीची आई बसलेली. तिचा गजऱ्यांचा धंदा. मांडीवर ओले फडके, पुढे परडी, बोटे आपसूक चाललेली. मी मुलीला परडी दाखवून विचारले, "हे कोणते फूल?" "जास्मिन." "आणि ते, शेजारचे, मोठे?" "तेही जास्मिनच, सर." मग मी गुरुजींच्या थाटात सांगू लागलो, "बाळ, ते मोठे आहे ते मोगरा, आणि ही बारीक फुले म्हणजे जाई." तिच्या आईने दोऱ्यावरची नजर न काढता म्हटले, "गुरुजी, ती जुई. जाईच्या कळीला मागून गुलाबी झाक असते. आज जाई आलीच नाही बाजारात."

सांगावयास लाज वाटते, पण सांगतो. जाई-जुईची गाणी मी वीस वर्षे शिकवीत आहे. त्या दिवसापर्यंत जाई कोणती आणि जुई कोणती, हे मला ठाऊक नव्हते.

परतीच्या गाडीत बसल्यावर, अशा प्रसंगी जो लेख लिहिण्याचा मोह कोणासही होईल, तो मनात तयार होऊ लागला होता. इंग्रजी शाळांनी मुलांच्या तोंडची फुले हिरावून घेतली, आपली भाषा कोमेजली, वगैरे. हा लेख आपण सर्वांनी अनेकदा वाचला आहे, आणि मान डोलावून आपली मुले इंग्रजी शाळेतच घातली आहेत. माझी मुलगीही तेथेच जाते. आमच्याच अंगणातील कण्हेरीला ती 'पिंक फ्लावर' म्हणते, आणि मी पलीकडच्या खोलीत तानपुरा लावीत असतो. तेव्हा तो लेख मी लिहू नये हे बरे.

शिवाय उधन्याच्या त्या बापाची बाजूही ऐकली पाहिजे. बारा तास लूमवर उभा राहून आलेला माणूस आपल्या मुलीच्या तोंडून 'सनफ्लावर' ऐकतो, तेव्हा त्याला त्या शब्दात या खडखडाटातून बाहेर जाणारा दरवाजा दिसतो. घरात अहिराणी, रस्त्यावर गुजराती, आमच्या वर्गात मराठी आणि शाळेत इंग्रजी, अशा चार भाषांतून ती मुलगी दिवसभर ये-जा करते. तिला आणखी एक भाषा येत असेल तर आपण कोण नको म्हणणारे? म्हणून पहिल्यानेच सांगून टाकतो, की साध्या, रोजच्या फुलांची इंग्रजी नावे मुलांनी शिकलीच पाहिजेत, आणि आपण मोठ्यांनीही शिकावीत. माझी तक्रार आहे ती निराळ्या गोष्टीबद्दल. पण आधी शिकण्याचा फायदा काय, तो सांगतो.

उधन्यातील माझ्या एका विद्यार्थिनीची आजी मधुमेहाने त्रस्त आहे. कोणीतरी तिला सांगितले, की पांढऱ्या सदाफुलीची पाने रोज सकाळी चावून खावी, साखर उतरते. हा उपाय आपल्याकडेही घरोघर ऐकू येतो. दारात पत्र्याच्या डब्यात सदाफुली होतीच. मुलगी दहावीत आहे. तिला या झाडाचे गुजराती नाव ठाऊक होते, बारमासी. मराठी नाव आजीकडून आले, सदाफुली. आणि शाळेत शिक्षिकेने इंग्रजी नाव सांगितले, पेरिविंकल. त्या एका इंग्रजी नावाने तिच्यापुढे पुस्तकांचे कपाट उघडले. तिला वाचावयास मिळाले, की १९५० च्या दशकात कॅनडातील संशोधक हेच झाड मधुमेहावर उपयोगी पडते का ते पाहात होते. प्राण्यांना अर्क पाजून पाहिला, पण साखर काही उतरली नाही. अर्क टोचून दिला तेव्हा मात्र रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. त्यातूनच पुढे व्हिन्ब्लास्टीन आणि व्हिंक्रिस्टीन ही कर्करोगावरील औषधे निघाली. व्हिंक्रिस्टीन आजही लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर देतात. वैद्यांच्या देखरेखीखाली, अगदी मोजून देतात, कारण हे झाड विषारी आहे. मुलीने आजीला डॉक्टरांकडे नेले, त्यांनी ते पाने चावणे निक्षून बंद करविले.

आता विचार करा. 'सदाफुली' या नावात एक पाहणे आहे. हे झाड बाराही महिने फुलते, हे ज्याने पाहिले त्याने ते नाव ठेवले. गुजराती 'बारमासी'नेही तेच पाहिले. इंग्रजी 'पेरिविंकल'मध्ये यांतले काही नाही. परंतु त्या नावापाशी औषधाच्या बाटलीपर्यंत जाणारी वाट आहे. एका नावाने झाड ओळखता येते, दुसऱ्याने त्याचा जगातला पत्ता सापडतो. आजीचा जीव सांभाळावयाचा तर घरात दोन्ही हवीत.

हे मान्य केले, की मग इंग्रजी नावांपुढे हात जोडण्याचेही कारण उरत नाही. माणसांप्रमाणे नावांच्याही खोडी असतात. झेंडूला इंग्रजीत 'आफ्रिकन मेरीगोल्ड' म्हणतात, आणि त्या फुलाचे मूळ घर मेक्सिकोच्या बाजूला. मोगऱ्यास म्हणतात 'अरेबियन जास्मिन', पण मोगरा काही मूळचा अरबस्तानचा नव्हे. बकुळीचे एक इंग्रजी नाव आहे 'स्पॅनिश चेरी'. बकुळ आपल्या सह्याद्रीच्या रानातली! साहेबाला जे फूल जेथून पुढे आले असे वाटले, त्या गावचे नाव त्याने त्यास लावून दिले. मुलांना ही नावे शिकवावी ती या गमतीसह शिकवावी, म्हणजे इंग्रजीत छापले ते खरेच असते, हा समजही जाता जाता दूर होईल.

दुसरी गोष्ट या 'जास्मिन'ची. मोगरा, जाई, जुई, सायली, कुंद ही सारी इंग्रजी बोलणाऱ्याला जास्मिन. साहेबाचे कान जाड, असे म्हणून आपण हसू. वनस्पतिशास्त्रात यांना वेगवेगळी नावे आहेतच, पण रोजच्या इंग्रजीत एकाच शब्दावर काम भागते, कारण त्यांच्या थंड देशात बायकांना वेणीसाठी यांतली निवड करावयाची नव्हती. आम्हा गाणाऱ्यांना हा प्रकार परिचयाचा आहे. भूप आणि देसकार यांचे पाच स्वर तेच. पाश्चात्त्य वादकापुढे कागदावर मांडले तर तो म्हणेल, ही एकच स्वरपंक्ती. त्याचे चुकले असे म्हणता येत नाही. पण ज्याने दोन्ही ऐकले आहेत त्याला ठाऊक असते, की एक संध्याकाळ उतरल्यावर येतो आणि दुसरा सकाळी, आणि एकाचा जीव गंधारात तर दुसऱ्याचा धैवतात आहे.

पण हसण्यापूर्वी आपला चाफा पाहावा. सोनचाफा, हिरवा चाफा, नागचाफा आणि देवळाबाहेरचा पांढरा चाफा हे आपल्याला सख्ख्या भावांसारखे वाटतात. वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात, की हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, पांढरा चाफा कण्हेरीच्या कुळातला, सोनचाफ्याचे कूळ आणखी निराळे आणि नागचाफ्याचे त्याहून निराळे. पांढरा चाफा तर मुळात अमेरिकेकडून आलेला पाहुणा. येथे साहेबाने चार नावे वेगळी ठेविली आणि आपण सर्वांना एक आडनाव दिले, जसे दरबारी, अडाणा, नायकी, शहाणा या सर्वांना आपण कानडा म्हणतो. आपण गंधावरून घराणे ठरविले, त्यांनी आणखी कशावरून. म्हणून परक्या भाषेतील नाव शिकणे म्हणजे दुसऱ्याचा कान थोडा वेळ उसना घेणे होय. तो घेतल्याने आपल्या कानाने आपण काय ऐकत होतो, तेही नव्याने लक्षात येते.

आणि काही इंग्रजी नावांच्या पोटात तर आपलीच गोष्ट दडलेली असते. पारिजातकाला इंग्रजीत 'नाइट जास्मिन' किंवा 'कोरल जास्मिन' म्हणतात. दुसरे नाव केशरी देठावरून. पण त्याचे जुने युरोपीय नाव आहे 'दुःखी झाड'. १७५३ साली लिनिअसने शास्त्रीय नाव दिले, त्यातही हाच अर्थ कायम ठेविला. हे दुःख आले कोठून? १५६३ साली गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने औषधी वनस्पतींवर एक ग्रंथ छापला. हिंदुस्थानात छापलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी तो एक. त्यात त्याने या झाडाबद्दल इकडच्या लोकांकडून ऐकलेली कथा नोंदविली आहे. एका थोर पुरुषाची मुलगी सूर्यावर भाळली. सूर्याने तिचा त्याग केला, तिने प्राण दिला, आणि तिच्या राखेतून हे झाड उगवले. म्हणून त्याची फुले दिवसा सूर्याचे तोंड पाहात नाहीत. आपल्याकडे सत्यभामा-रुक्मिणीची कथा घरोघर माहीत आहे, ही दुसरी बहुतेकांच्या विस्मरणात गेली. ती जपली गेली ती एका परक्याच्या पुस्तकात आणि एका परक्या नावात. उद्या एखाद्या मुलाने शाळेत 'ट्री ऑफ सॉरो' हे नाव ऐकले आणि घरी येऊन आजीला विचारले, की हे झाड दुःखी का, तर गोव्याहून निघालेली ती गोष्ट साडेचारशे वर्षांनी घरी परत येईल.

कोणी म्हणेल, आपली फुले ती आपली, त्यांना परकी नावे कशाला? पण आपली म्हणजे कोणती? दसऱ्याचे तोरण ज्याच्यावाचून होत नाही तो झेंडू अमेरिकेकडून आला. लग्नमंडपातला निशिगंध मेक्सिकोचा. संध्याकाळी उमलणारी गुलबक्षीही त्याच खंडातली. सदाफुली मादागास्करची. आपल्या पूर्वजांनी या फुलांना दाराबाहेर ठेविले नाही आणि त्यांची परकी नावेही घोकीत बसले नाहीत. त्यांनी ती लाविली, पाहिली, हुंगली, देवाला वाहिली आणि मग त्यांना नाव ठेविले. रात्री ज्याचा गंध सुटतो तो निशिगंध. गुजराती शेजाऱ्यांनी झेंडूला गलगोटो म्हटले, तेही किती गोलमटोल आहे! आज बाजारात जर्बेरा येतो, कार्नेशन येते, ऑर्किड येते, आणि त्यांना आपण इंग्रजी नावानेच हाक मारतो. त्यात मला काही वावगे दिसत नाही. पाहुणा आपल्या नावाने आला आहे. राहिला, रुळला, तर त्याला घरचे नावही मिळेल. दुःख याचे आहे, की घरच्या माणसांनाच आपण नाव विचारेनासे झालो.

आता माझी तक्रार. ती क्रमाबद्दल आहे. त्या उधन्याच्या मुलीला आधी नाव मिळाले, मग चित्र, आणि फूल मिळालेच नाही. ट्यूलिप पाहावयाचा तर श्रीनगरला जावे लागेल. डॅफोडिल तिने पाहिलेले नाही, मीही पाहिलेले नाही. उलट जी परडी तिच्या दारात रोज पहाटे उतरते, जिच्यातून तिच्या शाळेची फी भरली जाते, तिच्यातील फुले त्या तक्त्यावर नाहीत. म्हणून ती फुले तिच्या लेखी शिकण्याजोगी नाहीत, ती केवळ आईचे काम आहेत. पालकांनो, येथे थोडे थांबावे. आईच्या परडीतील पाच फुलांना मूल एकच नाव देते, तेव्हा आईला जे येते ते ज्ञान नव्हे, असे ते नकळत शिकत असते. तक्त्यावर छापलेले तेवढे ज्ञान आणि हाताने ओवलेले ते कष्ट, ही वाटणी आठव्या वर्षी मनात बसली की पुढे ती निघता निघत नाही.

गाण्यात हा क्रम चुकला तर काय होते ते आम्ही रोज पाहतो. माझे वडील दरबारच्या कलावंत कारखान्यातील सनईवादक. मी त्यांचे उतारवयातील अपत्य. १९४९ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते आणि आजोबांच्या मागे बसून सूर धरीत असत. त्यांना पट्टी ठाऊक होती ती 'काळी एक', 'पांढरी चार' अशी, पेटीच्या पट्ट्यांवरून. संस्थानच्या बँडमधील मंडळी काळी एकला 'सी शार्प' म्हणत. वडील त्यांच्याशी बोलता बोलता तेही शिकले, आणि पुढे आकाशवाणीवर किंवा बाहेरच्या वादकांबरोबर बसताना त्यांना त्याचा उपयोग झाला. पण मला शिकविताना त्यांनी आधी नुसता षड्ज दिला. कित्येक महिने नाव नाही, पट्टी नाही, कागद नाही. सूर कानात बसल्यावर एके दिवशी म्हणाले, "याला काळी एक म्हणतात, आणि साहेब सी शार्प म्हणतो." दोन्ही नावे मला एकाच दिवशी मिळाली आणि त्यांची कधी गफलत झाली नाही, कारण ती दोन्ही एकाच ओळखीच्या सुराला चिकटलेली होती. आज माझ्याकडे असे विद्यार्थी येतात ज्यांना 'सी शार्प' हे नाव येते आणि तो सूर गळ्यातून निघत नाही.

बडोद्यासारख्या गावाला तर हे सांगण्याची गरज पडू नये. मौलाबक्षांनी १८८६ साली येथे गायनशाळा काढली आणि आपल्या संगीतासाठी स्वरलिपी सिद्ध केली, तेव्हा लिहून ठेवण्याची शिस्त त्यांनी घेतली, पण लिहावयाचे ते आपल्या कानाचेच गाणे ठेविले. महाराज सयाजीरावांच्या राज्यात १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' प्रसिद्ध झाला. कारभारातील एका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली शब्द ओळीने मांडलेले. आठ भाषा एका पानावर मांडीला मांडी लावून बसल्या, कोणी कोणाला उठविले नाही. कचेरीच्या शब्दांसाठी ज्या गावाने एवढे केले, त्या गावातील घरांना अंगणातल्या दहा फुलांसाठी तीन रकाने आखणे जड जाऊ नये.

उधन्याला आम्ही तेच केले. त्या रविवारनंतर मी मुलांना सांगितले, की प्रत्येकाने वर्गाला येताना एक फूल आणावयाचे. घरात त्याला काय म्हणतात ते आईला किंवा आजीला विचारावयाचे, शेजारच्या गुजराती मावशींना त्यांचे नाव विचारावयाचे, आणि इंग्रजी नाव शाळेत विचारून यावयाचे. एका वहीत रकाने आखले. फूल वर्गात हातोहात फिरवावयाचे, डोळे मिटून वास घ्यावयाचा, मग नावे म्हणावयाची. पहिल्या खेपेस झेंडू, जास्वंद आणि सदाफुली आली. जास्वंदीला गुजरातीत जासूद आणि इंग्रजीत हिबिस्कस, हे एका मुलाने लिहून आणले. दुसऱ्या खेपेस कण्हेर आली, गुलबक्षी आली. तिसऱ्या खेपेस ती गजरेवाली बाई स्वतःच जिना चढून वर आली. पदराच्या टोकात बांधून तिने पाच पुड्या आणल्या होत्या. दारातच उभी राहून संकोचाने म्हणाली, "गुरुजी, आज जाई मिळाली."

तिला मी पुढे बसविले. तिने मुलांना पाच फुलांतील फरक दाखविला. कोणती कळी रात्री उमलते, कोणते फूल सकाळपर्यंत टिकते, कोणते दोऱ्यात ओवल्यावर लवकर काळे पडते, कोणाचा देठ लांब म्हणून ते वेणीला सोपे जाते. तासभर ती बोलत होती. तिची मुलगी पहिल्यांदा तोंड फिरवून बसली होती, नंतर हळूच वही पुढे ओढून लिहू लागली. शेवटी तिनेच विचारले, "सर, पाचांसमोर इंग्रजीत जास्मिनच लिहू?" मी म्हटले, "लिही. पाचांसमोर पाच वेळा लिही." तिने लिहिले, आणि ती पाच वेळा आलेली एकच ओळ पाहून सगळी मुले हसू लागली. नंतर आम्ही ते जुने गाणे पुन्हा म्हटले. सूर पूर्वीचेच, पण जाईनंतर जुई आली तेव्हा दोन्ही शब्द वेगळे ऐकू आले.

आपल्या घरांबद्दल एक शब्द बोलून पुरे करतो. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा येथील आपण मंडळी खानदेशी माणसाच्या मराठीला नाके मुरडतो, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. आपले मराठी शुद्ध, त्यांचे गावंढळ. असेलही. पण पूजेची फुले आपण आता तयार पुडीतून घेतो, पुडीत काय आहे ते पाहात नाही, आणि आपल्या नातवंडांनी विचारले तर 'फ्लावर' म्हणून वेळ मारून नेतो. एखाद्या रविवारी नातीचे बोट धरून सकाळी खंडेराव मार्केटात जावे. जे फूल दिसेल त्याचे नाव फूलवाल्याला गुजरातीत विचारावे, आपल्याला आठवेल ते मराठी नाव सांगावे, आणि नातीला म्हणावे, "आता तुझ्या शाळेतले नाव तू सांग." आजीला येत नसेल ते नात सांगेल, नातीला येत नसेल ते आजी. दोघींनाही येत नसेल तर फूलवाला आहेच.

आणि माझी एक याचना. आमच्या वहीत बकुळीचा रकाना अजून रिकामा आहे. नावे तिन्ही मिळाली आहेत, मराठी बकुळ, गुजराती बोरसल्ली आणि इंग्रजी ती 'स्पॅनिश चेरी', पण आमच्या मुलांपैकी कोणाच्या दारी फूल नाही. क्रम मीच सांगितला आणि मीच मोडला, असे मुले म्हणतील. बडोद्यात अजून काही जुन्या वाड्यांच्या मागे बकुळी उभ्या आहेत. कोणी हंगामात वेचून वाळविलेली फुले ठेविली असतील तर मूठभर मला द्यावीत. बकुळ वाळली तरी तिचा वास जात नाही, त्यामुळे गाडीचा प्रवास तिला सोसेल. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने मी निघतो आहे.